बसचा आयटम

आई म्हणते, तिशी यायच्या आधी कुणी आपली जीवनकथा लिहायला बसतं का, लोक हसतील. हसू देत की. लोकांना हसवायचं काम मी दुसरीपासून करते आहे. पण इंदूरच्या राजेंद्र नगरला आत्याकडे आम्ही राहिलो ते दिवस मला लिहून टाकायचे आहेत, आणि गोड करून लिहायचे नाहीत. आत्या हे वाचणार हे मला माहीत आहे. वाच आत्या, चष्मा लावून वाच.

आमचं घर इंदूरजवळच्या सांवेरला. बाबांची नोकरी तिथली, माझी शाळा तिथली, हिंदी मीडियमची, आणि मी त्या शाळेची जाहीर नकलाकार. हेडमास्तर खोकले की अख्खा वर्ग माझ्याकडे बघायचा, कारण खरे हेडमास्तर खोकले की रेणू खोकली ते कुणालाच कळायचं नाही. बारावीनंतर इंदूरच्या कॉलेजात नाव घातलं आणि रोजची बस सुरू झाली. बसचा कंडक्टर होता भेरूकाका. दाराच्या दांडीला लटकून, अर्धा आत अर्धा बाहेर, तो ओरडायचा, "चलो इंदौर इंदौर इंदौर! आगे सरको भिया, आगे पूरा मैदान खाली है!" आणि आत मुंगीला जागा नसायची. आठवड्याभरात मी त्याचा आवाज उचलला. एकदा तो चहा प्यायला उतरला तर मी त्याच्या आवाजात "चलने दो!" म्हटलं आणि ड्रायव्हरने खरोखर गाडी काढली. भेरूकाका ग्लास हातात घेऊन मागे पळाला. मला वाटलं, आता उतरवतो. तर तो हसून हसून दांडीला लोंबकळला. "छोरी म्हारी नकल करे! म्हारे से अच्छी करे!" तेव्हापासून दाराजवळची सीट माझी. तो आपली बॅग ठेवून ती अडवायचा.

मग बस उलटली. सकाळची वेळ, पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली अचानक आडवी आली, बस रस्ता सोडून सोयाबीनच्या शेतात आडवी पडली. मंडीत न्यायच्या कोथिंबिरीची पोती बसमध्ये मधोमध रचलेली होती, ती सगळी दाराच्या बाजूला आमच्या अंगावर आली. माझा डावा हात मोडला. भेरूकाका गेला. एवढं लोकांना माहीत होतं, आणि एवढंच पुष्कळ दिवस मीही कुणाला सांगितलं.

हात दाखवायला सारखं इंदूरला यावं लागणार म्हणून आई आणि मी आत्याकडे राहायला आलो. बाबा शनिवारी मोटरसायकलवर यायचे. सुलूआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, कॉलनीतल्या मराठी मंडळाची सेक्रेटरी. तिच्या घरात सकाळी उठल्यापासून काहीतरी वाजत असायचं. मिक्सर, आरतीची कॅसेट, कुकर, आणि ह्या सगळ्यांवरून आत्या. वाईट बाई नव्हती. पण तिच्या घरात दुःखसुद्धा तिच्या टाइमटेबलप्रमाणे करावं लागायचं. आई तिच्यासमोर "हो वन्सं, बरं वन्सं" याच्यापुढे मराठी बोलायचीच नाही.

आणि आपल्यात ती एक पद्धत असते ना, भेटायला येण्याची. कुणाला अपघात झाला की लोक सफरचंदं आणि बिस्किटं घेऊन येतात, बसतात, पंख्याकडे बघतात, आणि मग विचारतात, "झालं कसं नेमकं?" त्यांना सांगावंच लागतं. नाही सांगितलं तर सफरचंदांचा अपमान होतो. पहिल्या दिवशी मंडळातल्या बायका आल्या तेव्हा सांगता सांगता आईला रडू फुटलं. मला ते बघवेना. म्हणून मी मधेच भेरूकाकाच्या आवाजात म्हटलं, "आगे सरको भिया, मैदान खाली है!" आणि हाताने दाखवलं की बस अशी कलली, तरी त्याचं चालूच, "आगे सरको, आगे सरको!" एक काकू खुदकन हसल्या. मग सगळ्या. आईसुद्धा डोळे पुसत हसली. आत्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "बघा, आमची पोर! मौतच्या मुँहमधून आली आणि कॉमेडी करते!"

तिथून तो आयटम तयार झाला. आयटम हे नाव आत्यानेच दिलेलं. रोज कुणीतरी यायचं, आत्या पोहे टाकायची, त्यावर इंदुरी रीतीप्रमाणे शेव आणि मूठभर कोथिंबीर, आणि प्लेट हातात गेल्या की हाक यायची, "रेणू, ये गं, बसचा आयटम कर." मी प्लास्टरमधला हात घेऊन दिवाणावर बसायचे आणि करायचे. कंडक्टर, ड्रायव्हर, मागे बसून रामराम करणारी म्हातारी, शेताचा मालक जो आधी सोयाबीन बघतो आणि मग माणसं. कुणी विचारलं, "मग तो कंडक्टर?" तर मी सांगायचे की गेला. "अरे रे," व्हायचं, आणि चमचे थांबायचे. एका पाहुण्याला निरोप देऊन आल्यावर आत्या मला म्हणाली, "ते शेवटचं नको सांगत जाऊस. लोकांचा मूड जातो."

आज कुणी माझ्यासमोर असं बोललं तर मी काय करेन ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हा मी "बरं" म्हटलं.

कारण तोपर्यंत माझं काहीतरी बिघडलं होतं आणि मला ते लपवायचं होतं. झोप लागली की आपण आडवे होतोय, घर कलतंय असं वाटायचं आणि मी उठून बसायचे. रस्त्यावर बसने ब्रेक मारला की फुस्स आवाज यायचा आणि माझा पाय आपोआप समोरच्या नसलेल्या सीटला टेकवला जायचा. त्याहून वाईट कोथिंबीर. आत्या ओट्यावर जुडी चिरायला लागली की वास यायचा, आणि मग मी स्वयंपाकघरात नसायचेच. तोंडावर पोतं, डोळ्यांत माती, हात वाकडा, श्वास नाही. हे आठवणं नव्हतं. आठवतं ते मागे असतं. हे आत्ता, इथे, चालू असायचं. एकदा पोह्यांची प्लेट माझ्या हातात आली आणि मी ती फेकली. शेव पार टीव्हीवर.

"कोथिंबिरीला कोण घाबरतं?" आत्या म्हणाली. "साप आहे का तो?"

"मी घाबरत नाही. मला वास सहन होत नाही."

"काल सहन होत होता, आज नाही? अगं, तू पक्की नौटंकी आहेस, मला माहीत नाही का! लहानपणी आजीसमोर मेल्याची ॲक्टिंग केली होतीस, विसरलीस?"

ही होती माझी खरी गोची. जिने आयुष्यभर खोटं रडून दाखवलं, खोटी चक्कर आणली, हेडमास्तरांचं खोटं खोकून दाखवलं, तिला खरंच काही झालं तर ते कोण मानणार? मी दचकले की आतेभाऊ टाळ्या वाजवायचे. मी हातपाय गार पडून मोरीत बसले की आत्या दारावर थापा मारून म्हणायची, "इंटरव्हल संपला, ये बाहेर!" आई मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायची, मिरच्या गॅसवर जाळायची आणि ठसका लागला नाही म्हणून जास्तच घाबरायची. आणि वर सगळ्यांचं एकमत, की सांगितलं की मन मोकळं होतं, म्हणून अजून सांग. मला एकच गोष्ट हवी होती. मला हे परत करायला लावू नका. बस. पण हे वाक्य मला कुठल्याही आवाजात जमत नव्हतं.

प्लास्टर कापायला गेलो तेव्हा ती छोटी करवत सुरू झाली आणि मी टेबलाखाली होते. कशी गेले मला माहीत नाही. हाडाचे डॉक्टर चांगले होते. त्यांनी करवत बंद केली, खाली वाकून माझ्याकडे बघितलं, आणि आईला म्हणाले, "हात तो जुड़ गया. अब इसको ऊपर वाली मैडम को दिखाओ."

वरची मॅडम म्हणजे डोक्याची डॉक्टर. घरी आल्यावर जे झालं त्याला लढाई म्हणतात. "डोक्याच्या डॉक्टरकडे?" आत्या आईवर ओरडली. "सुषमा, वेडी झालीस का? हिचं लग्न व्हायचंय! कॉलनीत कळलं तर?" आई म्हणाली, "हो वन्सं." पण शनिवारी बाबा आले आणि आईने त्यांना काय सांगितलं कुणास ठाऊक, सोमवारी बाबांनी सुट्टी घेतली आणि मला मोटरसायकलवर मागे बसवून नेलं. मी पूर्ण रस्ता डोळे मिटून होते. ते गाडी इतकी हळू चालवत होते की सायकलवाले आम्हाला ओव्हरटेक करत होते.

मॅडम लातूरच्या होत्या, नुकत्या इंदूरला आलेल्या. त्यांचं मराठी ऐकून मला आधी मजाच वाटली. मी त्यांच्यासमोर त्यांचीच नक्कल केली, "असं करू नकोस की गं." त्या मनापासून हसल्या. मग मी बसचा आयटम केला, पूर्ण, सगळ्या आवाजांसकट. तर ही बाई हसेचना. एवढ्या लोकांत पहिली जी हसली नाही. मला राग आला.

"यात तू कुठे आहेस?" त्यांनी विचारलं.

"दाराजवळच्या सीटवर."

"ते नाही. यात कंडक्टर बोलतो, ड्रायव्हर बोलतो, म्हातारी बोलते. तू काय बोललीस?"

मी म्हटलं, "मला जायचंय." त्या म्हणाल्या, "जा की. इथं कुणी धरून ठेवत नाही." आणि खरंच दार उघडलं. मी तरी गेले नाही. दार उघडं आहे हे बघूनच बसता आलं.

त्यांनी त्याला नाव सांगितलं, पीटीएसडी. आत्याला सांगितलं तर म्हणाली, विम्याची पॉलिसी वाटते. मॅडमनी समजावलं ते मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतं. "तुझं शरीर अजून त्या बसमध्येच आहे. बस थांबली, हे त्याला कळलेलं नाही. म्हणून ते तुला सारखं वाचवायला बघतंय. वेड नव्हे हे. पहारेकरी आहे, ड्युटी संपली तरी घरी जाईना." मग काही गोष्टी शिकवल्या. घर कलायला लागलं की पाय जमिनीवर दाबायचे, समोर दिसतील त्या वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची, श्वास सोडताना घाईने सोडायचा नाही. मी आत्याच्या हॉलमध्ये बसून "टीव्ही, पंखा, गणपती, आत्या, कॅलेंडर" असं म्हणायचे आणि आत्या कपाळावर हात मारायची. आणि एक गोष्ट त्यांनी अशी सांगितली जी मला आधी कुणीच सांगितली नव्हती. "करून दाखवणं आणि सांगणं वेगळं. सांगायचं की नाही, कुणाला, किती, कधी, हे तू ठरवायचं. पाहुण्यांनी नाही."

तेवढ्यात गणपती जवळ आले. मंडळाचा कार्यक्रम असतो दरवर्षी, नाच, गाणी, नाट्यछटा. आत्याने मला न विचारता नाव दिलं. एका दुपारी कमिटीच्या बायका हॉलमध्ये बसल्या होत्या, पोहे झाले होते, आई दारात ट्रे घेऊन उभी होती.

"कर गं एकदा," आत्या म्हणाली. "ह्यांना बघू दे, किती मिनिटांचा होतो."

"मॅडमनी नको म्हटलंय."

"मॅडम काय आपल्याकडे पोहे करायला येणार आहे? कर. सगळ्या थांबल्यात."

"आत्या, मला नाही करायचं."

"हे बघा!" आत्या बायकांकडे वळून हसली. "हिरॉइनचे नखरे!"

त्या हसल्या. मी उठले. मला कुणाला रडवायचं नव्हतं, मला त्यांचे पोहे खराब करायचे होते. मी नेहमीसारखी सुरुवात केली, इंदौर इंदौर इंदौर, मैदान खाली है. बस कलली. जिथे टाळ्या पडतात तिथे टाळ्या पडल्या. आणि मी थांबले नाही. मी तिथेच फरशीवर आडवी झाले आणि भेरूकाकाच्या आवाजात पुढचं बोलायला लागले.

पुढचं असं होतं. पोत्यांखाली आम्ही दोघे शेजारी होतो. बाहेरून लोक ओरडत होते, "कोई है क्या अंदर?" आणि माझ्या गळ्यातून आवाज येत नव्हता. माझ्या! हूं नाही, चूं नाही. भेरूकाकाच्या छातीवर काहीतरी पडलं होतं, त्याचा आवाज फाटका येत होता. तो मला म्हणाला, "बोल बेटा. बोल दे, इधर हूँ." मला येईना. तो म्हणाला, "थारी नी निकले तो म्हारी आवाज निकाल. वो तो आती है थारे को." तेही आलं नाही. मग त्यानेच उरलासुरला श्वास गोळा केला आणि ओरडला. "इधर! छोरी है इधर! म्हारे रेने दो, पेले छोरी को काडो!" त्यांनी मला काढलं. लोक पुन्हा त्याच्याकडे गेले तेव्हा तो बोलत नव्हता.

हे सगळं मी त्याच्याच आवाजात केलं, अगदी जसं होतं तसं, आणि उठून बसले. पंखा फिरत होता. एका काकूंनी प्लेट खाली ठेवली. कुणीच पंख्याकडेसुद्धा बघेना. शेवटी आत्याने घसा साफ केला.

"छान आहे," ती म्हणाली. "पण हे स्टेजवर नको. गणपती आहे."

बायका गेल्यावर आईने मला स्वयंपाकघरात गाठलं. "मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंच नाहीस. तूही म्हणायचीस, करून दाखव."

आई वळली. ओट्याकडे तोंड करून बराच वेळ एकच वाटी घासत राहिली. मी तिला जवळ वगैरे घेतलं नाही. तेव्हा माझ्यात तेवढी जागा नव्हती, आणि आहे असं आता खोटं लिहिणार नाही.

मला वाटलं होतं, आता सुटले. सुटले कसली! पुढचे कित्येक दिवस आधीपेक्षा वाईट गेले. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तू ते सांगितलं नाहीस बाळा. फेकून मारलंस." बरोबर होतं. मग त्यांच्या खोलीत, उघड्या दारासमोर, आम्ही ते हळूहळू सांगायला घेतलं. माझ्या आवाजात. थोडं सांगायचं, थांबायचं, खिडकीतलं झाड बघायचं, परत थोडं. माझा आवाज मला आवडला नाही. पातळ आहे, आणि शाळेत हिंदीचा धडा वाचल्यासारखा येतो. पण त्यात मी होते. आणि एकदा सांगता सांगता मला पहिल्यांदा कळलं की ही गोष्ट संपते. मला बाहेर काढतात, आकाश असतं, कुणीतरी डोक्यावर ओला गमछा ठेवतं. तो गमछा इतके दिवस कुठे गेला होता?

कार्यक्रमाच्या संध्याकाळी आई आणि मी मधल्या रांगेत बसलो होतो. बाबा पाठीमागे उभे. मी आत्याला तीनतीनदा सांगितलं होतं की मी करणार नाही, आणि आत्या प्रत्येक वेळी "बघू" म्हणाली होती. तिची पक्की खात्री होती की माइकवर नाव आलं की ही पोर आपोआप उठेल. आयुष्यभर उठलीच होती ना. छोट्या पोरींचा नाच झाला, आणि आत्या स्वतः माइकवर आली.

"आता सगळे ज्याची वाट बघताहेत! आमची रेणू! बसचा आयटम!"

टाळ्या सुरू झाल्या. लोक माना वळवून बघायला लागले. मागून पोरं ओरडली, "रेणू! रेणू! आगे सरको!" माझे पाय उठायच्या तयारीत होते, त्यांना सवय होती. मी ते जमिनीवर दाबले. खुर्ची, आईचं घड्याळ, पुढच्या काकूंचा गजरा. आत्या हाताने "ये, ये" करत होती आणि हसत होती, आणि हळूहळू तिचं हसू नुसतं दातांवर राहिलं.

"नखरे बघा," कुणीतरी म्हणालं, मला ऐकू येईल इतकं.

मी तोंड उघडलं. कुणाचा आवाज येतो मला माहीत नव्हतं. माझाच आला, पातळ. "मी नाही करणार."

माइक नव्हता, तरी पहिल्या रांगेपर्यंत गेलं असावं, कारण तिथल्या टाळ्या आधी थांबल्या. मग मधल्या. मग मागची पोरं. आत्याने हातातला कागद उलटला आणि पुढचं नाव वाचलं. पेटी घेऊन कुणीतरी काका चढले. आत्या त्यानंतर दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि खरं सांगू, इतके शांत महिने मी त्या घरात कधी काढले नव्हते.

आई माझ्या कानाशी वाकली. "घरी जायचं का?"

"नाही," मी म्हटलं. "बसू. पूर्ण बघू."